संशोधनाचे मोजमाप आणि ज्ञानशाखांमधील अंतर : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

गोषवारा : अध्यापकाच्या संशोधनाचे मूल्य त्याच्या लेखांच्या आणि संदर्भोल्लेखांच्या संख्येवरून ठरविण्याची पद्धत उच्च शिक्षणात आता रुळली आहे. निरनिराळ्या ज्ञानशाखांतील अभ्यासकांची या संख्यांच्या आधारे परस्परांशी तुलना करता येते काय, या प्रश्नाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. ही तुलना न्याय्य व्हावयाची तर प्रत्येक शाखेची आणि भाषेची स्वतःची सरासरी उपलब्ध असावी लागते. मराठीतील मानव्यविद्यांसाठी ती उपलब्ध नाही, आणि ती नसण्यास आपणही काही अंशी जबाबदार आहोत, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : संदर्भोल्लेख, इम्पॅक्ट फॅक्टर, एच-इंडेक्स, मानव्यविद्या, प्रादेशिक संशोधन, स्थाननिश्चिती.

१. प्रस्तावना

वरिष्ठ महाविद्यालयातील स्थाननिश्चितीच्या बैठकीत रसायनशास्त्राचा अध्यापक आणि मराठीचा अध्यापक एकाच दिवशी, अनेकदा एकाच नमुन्यातील प्रपत्र घेऊन बसतात. एकाच्या प्रपत्रात चाळीस लेख आणि काही शे संदर्भोल्लेख असतात. दुसऱ्याच्या प्रपत्रात एक ग्रंथ, सात-आठ लेख आणि संदर्भोल्लेखांच्या रकान्यात शून्य असते. या शून्याचा अर्थ काय? त्याचे लेखन कोणी वाचलेच नाही, की वाचले पण नोंदविले नाही, की नोंदविले पण ती नोंद कोणत्याच यंत्रणेने पाहिली नाही? हे तीन अर्थ अगदी भिन्न आहेत. प्रपत्रात मात्र तिन्ही सारखेच दिसतात. कोणाची पदोन्नती होणार, कोणत्या विषयाला मार्गदर्शक मिळणार आणि पुढील पिढी कोणत्या विषयाकडे वळणार, हे या रकान्यावर अवलंबून असल्याने हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

मोजमापच नको, अशी भूमिका येथे घ्यावयाची नाही. मोजमाप नसते तेथे वशिला असतो, आणि ओळखीपाळखी नसलेल्या ग्रामीण भागातील अध्यापकाला वशिल्यापेक्षा आकडाच जवळचा वाटतो, हे मान्य केले पाहिजे. म्हणूनच तो आकडा काय मोजतो आणि काय मोजत नाही, हे तपासणे आवश्यक ठरते.

२. मोजमापाची साधने

युजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये विज्ञानातील संदर्भोल्लेखांची सूची करण्याची कल्पना मांडली आणि १९६४ पासून अशी सूची नियमितपणे प्रसिद्ध होऊ लागली. याच कामातून इम्पॅक्ट फॅक्टर हे परिमाण पुढे आले. एखाद्या नियतकालिकात मागील दोन वर्षांत प्रसिद्ध झालेल्या लेखांचा चालू वर्षी सरासरी किती वेळा उल्लेख झाला, एवढेच ते सांगते. ते नियतकालिकाचे परिमाण आहे, लेखाचे नव्हे आणि लेखकाचे तर मुळीच नव्हे. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी व्यक्तीसाठी एच-इंडेक्स सुचविला. ज्याच्या पाच लेखांना प्रत्येकी किमान पाच उल्लेख मिळाले त्याचा निर्देशांक पाच. या व्याख्येनुसार एकच ग्रंथ लिहिणाऱ्या अभ्यासकाच्या ग्रंथाचा हजार वेळा उल्लेख झाला तरी त्याचा निर्देशांक एकच राहतो. ही या परिमाणाची चूक नाही. थोड्या-थोड्या अंतराने, लहान लेखांतून प्रगत होणाऱ्या शास्त्रांसाठी ते घडविले गेले आहे. ते ग्रंथप्रधान शाखांना जसेच्या तसे लावणे ही मात्र आपली चूक आहे.

३. एकच भूमी, दोन ज्ञानशाखा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातील किल्लारीबरोबरच तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर आणि उमरगा-लोहारा परिसरातील गावे उद्ध्वस्त झाली. सुमारे दहा हजार माणसे दगावली. या एका घटनेतून दोन प्रकारचे संशोधन निर्माण झाले.

पहिले भूभौतिकीचे. दख्खनच्या पठारासारख्या, स्थिर मानल्या गेलेल्या खंडांतर्गत भूभागात ६.२ तीव्रतेचा भूकंप का व्हावा, हा प्रश्न जगभरच्या अभ्यासकांना महत्त्वाचा वाटला. भारतीय भूवैज्ञानिक संस्थेने १९९४ मध्येच या भूकंपावर स्वतंत्र स्मरणग्रंथ प्रसिद्ध केला. ऑस्ट्रेलियातील किंवा अमेरिकेच्या मध्यभागातील अशाच भूकंपांवर लिहिणाऱ्यास किल्लारीचा उल्लेख करावाच लागतो. दुसरे संशोधन पुनर्वसनाचे. गावठाण हलल्यावर शेत आणि घर यांतील अंतर वाढले, वाडा जाऊन ओळीत घरे आली, भावकीची आणि आळीची जुनी रचना मोडली. या बदलांचा मराठीतून अभ्यास करणाऱ्याचा वाचक मुख्यतः याच परिसरात असतो : शासकीय अधिकारी, कार्यकर्ता, दुसरा शोधविद्यार्थी. तो वाचक वाचतो आणि कधी आपल्या कामात त्याचा उपयोगही करतो. पण तो आंतरराष्ट्रीय नियतकालिकात लेख लिहीत नाही. परिणामी उपयोग होऊनही उल्लेख उत्पन्न होत नाही.

दोन्ही संशोधने एकाच भूमीवरची आणि एकाच आपत्तीविषयीची आहेत. त्यांच्या संदर्भोल्लेखांतील तफावत गुणवत्तेची असेलच असे नाही. ती पुष्कळशी वाचक कोठे आहे आणि तो स्वतः लेख लिहितो की नाही, याची तफावत आहे. भूकंपाची कारणे जगाला हवी असतात. सास्तूरच्या पुनर्वसित वस्तीत पाण्याची टाकी कोठे असावी, हे सास्तूरलाच हवे असते.

४. काळाची खिडकी

अंतराप्रमाणेच काळाचाही प्रश्न आहे. जिल्ह्यातील तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव म्हणजेच प्राचीन तगर, हे आज आपण गृहीत धरतो. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे मोठे नगर असल्याचे आणि तेथील माल भडोच बंदराकडे जात असल्याचे नमूद आहे. हे तगर कोणते, याविषयी जुन्नर, धारूर, दौलताबाद अशी निरनिराळी स्थळे सुचविली गेली होती. जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये ते तेर असल्याचे साधार मांडले. पुढे १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी तेथे उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्खनन आणि अहवाल यांत अकरा वर्षे गेली. फ्लीट यांचा लेख सव्वाशे वर्षांनंतरही तेरवर लिहिणाऱ्यास टाळता येत नाही.

दोन वर्षांच्या खिडकीतून या परंपरेकडे पाहिले तर काय दिसेल? जवळजवळ काहीच नाही. रेण्वीय जीवशास्त्रातील लेखाला बहुतेक उल्लेख पहिल्या काही वर्षांत मिळतात, कारण त्या शास्त्रात जुना लेख लवकर मागे पडतो. पुरातत्त्वात आणि इतिहासात जुना लेख मागे पडत नाही, तो पाया होतो. मंद गती हे येथे आळसाचे लक्षण नसून साधनांच्या स्वरूपाचा परिणाम आहे.

यात नावांचा गोंधळही मिसळतो. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा वेगळा होण्यापूर्वीच्या लेखनात ‘उस्मानाबाद जिल्हा’ म्हणजे लातूर, औसा, उदगीर हा भागही येतो. २०२३ पासून जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले आहे. तेरची रोमन लिपीतील रूपे एकाहून अधिक आहेत आणि मराठी आडनावांचीही तीच गत आहे. शब्द जुळवून शोधणाऱ्या यंत्रणेला एका गावाची दोन गावे आणि एका अभ्यासकाचे दोन अभ्यासक करण्यास एवढे पुरेसे होते.

५. एकच अभ्यासक, अनेक शाखा

आतापर्यंत दोन निरनिराळ्या अभ्यासकांची तुलना पाहिली. ज्ञानशाखेचा परिणाम व्यक्तीच्या गुणवत्तेपासून वेगळा काढून पाहावयाचा तर एकच व्यक्ती अनेक शाखांत काम करताना पाहावी लागेल. गोव्यात १९०७ साली जन्मलेले आणि पुण्यात कार्य केलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असताना कोसंबी यांनी १९४४ मध्ये एक छोटा लेख लिहिला. जनुकांच्या पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून त्यांच्यातील नकाशीय अंतर कसे काढावे, याचे सूत्र त्यात आहे. ते आज ‘कोसंबी फलन’ म्हणून वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या जनुकनकाशांच्या संशोधनात सर्रास वापरले जाते. ते संगणकप्रणालींत अंतर्भूत झाले आहे. त्यामुळे असंख्य लेखांत सूत्राचे नाव येते, मूळ लेखाचा उल्लेख येईलच असे नाही. अतिपरिचयाने संदर्भ गळून पडण्याच्या या प्रक्रियेकडे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी लक्ष वेधले आहे. १९४३ मधील त्यांचा दुसरा लेख भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात आला. त्यातील कल्पना पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि ती प्राधान्याने त्यांच्याच नावाने ओळखली जाते. येथे काम तेच होते. ते जेथे छापले गेले त्या जागेने उल्लेखांचे भवितव्य ठरविले.

याच कोसंबींनी आहत नाणी वजनकाट्यावर तोलून, त्यांच्या झिजेवरून चलनाचा इतिहास मांडला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये सिद्ध केली. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा ग्रंथ लिहिला. या ग्रंथाने इतिहासलेखनाची दिशा बदलली, असे त्यांच्या विरोधकांनाही मान्य करावे लागते. परंतु भर्तृहरीची आवृत्ती सिद्ध करण्यास किती हस्तलिखिते ताडून पाहावी लागली असतील आणि त्या श्रमांना किती उल्लेख मिळतील, याचा जनुकशास्त्रातील त्या छोट्या लेखाशी कोणताही हिशेब जुळणार नाही. बुद्धी एकच होती आणि काटेकोरपणाही तोच होता. शाखा बदलली की आकडा बदलतो, हे यावरून स्पष्ट होते.

६. कोष्टकातील न्याय

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमावलीने एपीआय पद्धती आणली आणि २०१८ च्या नियमावलीत तिच्या जागी संशोधन-गुणांचे कोष्टक दिले. ज्ञानशाखांतील अंतराची जाणीव या कोष्टकाला आहे, हे नमूद केले पाहिजे. विज्ञानशाखांतील एका लेखास ८ गुण, तर भाषा, मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांतील लेखास १० गुण आहेत. परंतु त्यापुढे इम्पॅक्ट फॅक्टरनुसार जादा गुण मिळतात : तो नसलेल्या परीक्षित नियतकालिकासाठी ५, आणि असल्यास त्याच्या प्रमाणात १० पासून ३० पर्यंत.

आता साधा हिशेब करू. तीन एवढा इम्पॅक्ट फॅक्टर असलेल्या नियतकालिकातील विज्ञानलेखास ८ अधिक २०, म्हणजे २८ गुण होतात. मराठीतील परीक्षित नियतकालिकातील लेखास १० अधिक ५, म्हणजे १५. विज्ञानलेखाचे पाच लेखक असतील तर मुख्य लेखकास ७० टक्के आणि इतर चौघांस प्रत्येकी ३० टक्के, असे त्या एका लेखातून एकूण ५३.२ गुण वाटले जातात. मानव्यविद्यांना सुरुवातीला दिलेली दोन गुणांची सवलत पुढच्याच पायरीवर नाहीशी होते.

ग्रंथाची स्थिती याहून विचार करावयास लावणारी आहे. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या ग्रंथास १० गुण आहेत, म्हणजे वरील एका मराठी लेखापेक्षाही कमी. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा १९८४ चा ग्रंथ उदाहरणादाखल या कोष्टकात ठेवून पाहावा. या ग्रंथास १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तो २०११ मध्ये अॅन फेल्डहाउस यांच्या इंग्रजी अनुवादातून जगापुढे गेला. मधली सत्तावीस वर्षे मराठीत त्याचे वाचन, खंडन आणि अनुसरण होतच होते. आंतरराष्ट्रीय सूचींच्या दृष्टीने मात्र तो ग्रंथ जणू २०११ मध्ये जन्मला. तुळजापूरच्या भवानीवर, गोंधळ्यांवर, यल्लम्मा-रेणुकेच्या उपासनेवर आज काम करणारा धाराशिवचा शोधविद्यार्थी ढेरे यांच्या लेखनाला ओलांडून पुढे जाऊ शकत नाही. पण त्या विद्यार्थ्याच्या प्रबंधातील तळटीप कोठेही मोजली जात नाही.

७. छेदाचा प्रश्न

या अडचणीवर सूचीशास्त्राकडे एक उत्तर आहे. लेखाला मिळालेल्या उल्लेखांना त्याच शाखेतील, त्याच वर्षाच्या लेखांच्या सरासरी उल्लेखांनी भागावे. समजा, गणितातील लेखास सरासरी चार उल्लेख मिळतात आणि वैद्यकातील लेखास वीस. तर गणितातील आठ उल्लेख आणि वैद्यकातील चाळीस उल्लेख यांची योग्यता सारखीच, म्हणजे सरासरीच्या दुप्पट ठरते. रादिक्की, फोर्तुनातो आणि कास्तेलानो यांनी २००८ मध्ये दाखविले की, असे भागल्यावर निरनिराळ्या विज्ञानशाखांतील उल्लेखांचे वितरण जवळजवळ एकाच वक्ररेषेवर येते. तत्त्वतः ही पद्धत न्याय्य आहे आणि ती स्वीकारावी.

परंतु भागाकाराला छेद लागतो. गणिताची सरासरी काढता येते, कारण गणिताची नियतकालिके सूचीत आहेत. मराठी नियतकालिके स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्समध्ये जवळजवळ नाहीत, मराठी ग्रंथांतील तळटीपांची गणना होत नाही, आणि म्हणून मराठी समीक्षेतील किंवा प्रादेशिक इतिहासातील लेखाला सामान्यतः किती उल्लेख मिळतात, हे कोणालाच सांगता येत नाही. अंशस्थानी शून्य आहे ही तक्रार आपण नेहमी करतो. खरी उणीव छेदाची आहे. छेद नसताना मराठीच्या अध्यापकाचे चार उल्लेख थोडे की पुष्कळ, हे ठरविण्याचे कोणतेही साधन निवड समितीजवळ उरत नाही. मग ती शेजारच्या शाखेचा छेद उसना घेते. प्रस्तावनेतील त्या शून्यामागचे तीन अर्थ नेमके येथे एकमेकांत मिसळतात.

८. आपला वाटा

हा दोष सर्वस्वी बाहेरच्यांचा आहे, असे म्हणून थांबणे सोयीचे असले तरी प्रामाणिक नव्हे. गुणांची मागणी वाढताच पैसे घेऊन चार दिवसांत लेख छापणारी नियतकालिके उदयास आली आणि त्यांना लेख आपणच पुरविले. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीचे परीक्षण केले. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेल्या १००९ नियतकालिकांच्या या तपासणीत ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके निकृष्ट आढळली. पत्ता नाही, संपादकांची माहिती नाही, इम्पॅक्ट फॅक्टरचे दावे खोटे, असे दोष त्यांत होते. पुढे केअर यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही थांबविल्याचे जाहीर केले. आता नियतकालिक पारखण्याची जबाबदारी बरीचशी महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्याकडे आली आहे. महाविद्यालयाने प्रकाशित केलेल्या बहुविद्याशाखीय नियतकालिकांनी, म्हणजे या पृष्ठांनीही, हा प्रश्न प्रथम स्वतःला विचारावा.

दुसरी उणीव आपल्या लेखनसवयीची आहे. ‘एका अभ्यासकाने म्हटल्याप्रमाणे’, ‘जाणकारांच्या मते’ अशी वाक्ये आपण सहज लिहितो. ऋणनिर्देश प्रस्तावनेत भरभरून करतो, तळटीपेत मात्र नाव, वर्ष, पृष्ठ देण्याचा कंटाळा करतो. सहकाऱ्याच्या मराठी लेखातून मिळालेली माहिती वापरून उल्लेख मात्र इंग्रजी ग्रंथाचा करण्याची प्रवृत्तीही अपरिचित नाही. संदर्भोल्लेख ही मुळात ऋणाची नोंद आहे. ती नोंद आपणच केली नाही तर जगातील कोणतीही यंत्रणा ती मोजू शकणार नाही.

९. काही सूचना

पहिली सूचना अशी की, स्थाननिश्चितीच्या आणि निवडीच्या वेळी दोन भिन्न शाखांतील अभ्यासकांचे कच्चे आकडे शेजारी ठेवू नयेत. शाखा, वर्ष आणि लेखनप्रकार समान असतील तेथेच तुलना करावी. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातील दहा तत्त्वांमध्ये शाखाभेदाची दखल घेण्याचे आणि स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण देण्याचे तत्त्व आहे. त्याचा आधार आपल्या विद्यापीठांनाही घेता येईल.

दुसरी, प्रत्येक उमेदवाराकडून सर्व लेखांच्या यादीऐवजी निवडक पाच लेखन मागवावीत आणि ती त्या विषयाच्या तज्ज्ञाने प्रत्यक्ष वाचावीत. वाचनाला वेळ लागतो, हे खरे. पण पाच लेखन वाचण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढा आज प्रपत्रे आणि त्यांचे पुरावे तपासण्यातही जातो.

तिसरी सूचना छेद घडविण्याची आहे आणि ती जिल्ह्याच्या पातळीवर अमलात आणता येईल. शोधगंगा या संकेतस्थळावर मराठवाड्यातील अनेक प्रबंध उपलब्ध आहेत. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनी तेर, धाराशिव लेणी, तुळजापूर, नळदुर्ग आणि १९९३ चा भूकंप या पाच विषयांवरील प्रबंध, ग्रंथ आणि लेख घेऊन त्यांतील संदर्भयाद्यांची एकत्र नोंद केली, तर कोणाचे काम कोणी वापरले याचे पहिले प्रामाणिक चित्र हाती येईल. हे काम मराठीला अपरिचित नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली तेव्हा त्यांच्याजवळ संगणक नव्हता. त्यांच्या सूचीने ग्रंथ कोणते हे सांगितले. कोणता ग्रंथ कोणत्या ग्रंथावर उभा आहे, हे सांगणारी सूची करणे हे आपल्या पिढीचे काम आहे.

१०. निष्कर्ष

लेखांची संख्या आणि संदर्भोल्लेख ही अभ्यासकाच्या दृश्यतेची परिमाणे आहेत. एकाच शाखेत, एकाच भाषेत आणि एकाच काळात ती उपयुक्त ठरतात. शाखा, भाषा किंवा काळ ओलांडला की ती वाचक कोठे आहे, लेख कोठे छापला आणि सूची कोणी केली, हेच अधिक सांगू लागतात. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने प्रसृत केलेल्या मसुद्यात गुणांच्या कोष्टकाऐवजी उल्लेखनीय योगदानाचा विचार सुचविला होता. कोष्टक जावो वा राहो, मराठीतील संशोधनाची सरासरी आपण स्वतः सिद्ध केली नाही तर योगदान उल्लेखनीय आहे की नाही, हे ठरवितानाही दुसऱ्याच शाखेचे माप वापरले जाईल. त्यामुळे या कामाचा आरंभ प्रत्येकाने आपल्या पुढील लेखापासून करावा : ज्या मराठी अभ्यासकाकडून काही घेतले असेल, त्याचे नाव, वर्ष आणि पृष्ठ तळटीपेत द्यावे.